गिटार उलटी नाही, तुम्ही समोर बसलाय

(कट्ट्यावरच्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, थोडं नीट केलंय, थोडंच.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'डावखुऱ्याने कुठली गिटार घ्यावी'. त्याचं उत्तर तसं पाच मिनिटांचं आहे, पण पाच मिनिटांत उरकलं तर तुम्ही म्हणाल एवढ्यासाठी पावसात बोलावलं का, म्हणून आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या, मग उत्तर.

आज १३ ऑगस्ट, डावखुऱ्यांचा जागतिक दिवस. जरा हात वर करा बघू डावखुऱ्यांनी. बघा, तिकडे दोघांनी उजवा वर केला. (हशा) संस्कार! जगात साधारण १० टक्के माणसं डावखुरी असतात, म्हणजे प्रत्येक पंगतीत एक तरी असतोच ज्याचं कोपर शेजाऱ्याला लागतं. प्रसाद उजव्या हातात घ्या, पैसे उजव्या हाताने द्या, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. आणि गंमत बघा, घरी बसवायला गणपती आणायचा तर डाव्या सोंडेचाच शोधून आणतात, उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळं आपल्याला झेपायचं नाही, त्याच्यासाठी सिद्धिविनायकाला जायचं. म्हणजे देवाची सोंड डावी चालते, माझा हात चालत नाही. हे मी लहानपणी घरी बोलून दाखवलं होतं, त्यावर जे उत्तर मिळालं ते उजव्या हातानेच मिळालं. (हशा)

असो. गिटार.

मी कॉलेजात असताना वडिलांना मस्का मारून मारून गिटार घ्यायला तयार केलं. दुकानाचं नाव सांगत नाही, मालकांचा मुलगा आता चालवतो आणि चांगला माणूस आहे. तिथे भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गिटारी लटकलेल्या आणि सगळ्या उजव्या. मी एक खाली घेतली आणि सहज डावीकडून छेडायला लागलो, तर मालक म्हणाले, "अरे उलटी धरलीस." मी म्हटलं काका मी डावखुरा आहे. ते म्हणाले, "मग काय झालं, तारा उलट्या लावून देतो, दहा मिनिटांचं काम." वडील खूश, कारण वेगळे पैसे नाहीत. तिथल्या तिथे पक्कड घेऊन सहाच्या सहा तारा काढल्या, जाड तार होती तिथे बारीक, बारीक होती तिथे जाड, आणि गिटार माझ्या हातात. मी इतका आनंदात होतो की ट्रेनमध्ये ती मांडीवर घेऊन उभा राहिलो, म्हणजे मांडीवर घेऊन उभं कसं राहतात विचारू नका, डोंबिवली फास्टमध्ये राहता येतं. (हशा)

आता तारा उलट्या केल्या म्हणजे गिटार डावखुरी झाली का, तर नाही, आणि हे जरा नीट सांगतो कारण अजूनही दुकानात हेच सांगतात. गिटारच्या वरच्या टोकाला ती हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी असते ना, नट म्हणतात तिला, तिच्यात प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे खाच कापलेली असते. सहावी तार जाड, तिची खाच रुंद, पहिली बारीक, तिची अरुंद. आता अदलाबदल केली की जाड तार अरुंद खाचेत बसतच नाही, वरच राहते, दाबताना बोट दुखतं, आणि बारीक तार रुंद खाचेत झिणझिण करत लोळते. मी त्या खाचेत लोकलच्या तिकिटाचा तुकडा घडी करून घातला होता, तेव्हा जाड पुठ्ठ्याची तिकिटं होती, फार कामाची.

पण खरी गोम खाली, ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथे. ॲकूस्टिक गिटारचं सॅडल, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पांढरी पट्टी, ती नीट बघा कधी, ती तिरकी बसवलेली असते. चुकून नाही, मुद्दाम. तार फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, जाड तारेचा जास्त चढतो, म्हणून जाड तारेला थोडी जास्त लांबी दिलेली असते. उलट्या तारा लावल्या की जाड तारेला नेमकी आखूड बाजू मिळते आणि बारीक तारेला लांब. मग वर, नटाजवळ, इ मेजर कॉर्ड, म्हणजे काही ठरावीक सूर एकत्र, वाजवला की छान वाटतं, आणि जसजसं नेकवर, म्हणजे दांड्यावर, पुढे जावं तसतसं जाड तार चढेल आणि बारीक उतरेल, बाराव्या फ्रेटवर तर दोघींची भांडणं. मी कित्येक दिवस ट्यूनिंगच करत बसायचो, आई आतून विचारायची गाणं कधी सुरू होणार. मला वाटायचं माझा कानच कच्चा.

बाकीची गिटारही उलटीच होते हे लक्षात घ्या. पिकगार्ड, तो काळा पातळ तुकडा, भोकाच्या खाली असायचा तो वर गेला, म्हणजे पिक, ती छेडायची टिकली, कोऱ्या लाकडावर घासतोय आणि पिकगार्ड वर बसून मजा बघतोय. नेकच्या कडेला ठिपके असतात, वाजवणाऱ्याला दिसावेत म्हणून, ते आता जमिनीला दिसतात. कटअवे, म्हणजे नेकजवळ बॉडीला कापलेला खळगा, असला तर तो वरच्या बाजूला, खाली जिथून हात पुढे सरकवायचा तिथे अख्खी बॉडी आडवी. इलेक्ट्रिक असेल तर नॉब हाताखाली, जोरात स्ट्रमिंग केलं की आवाज आपोआप कमी, एवढी नम्रता दुसऱ्या कुठल्या वाद्यात नाही.

आता कोणीतरी म्हणणारच, मग त्या अमेरिकन गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सचं काय, तो पण उलटीच वाजवायचा. हो, वाजवायचा. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात १९६९ च्या ऑगस्टमध्ये पांढरी स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, थोडक्यात स्ट्रॅट, घेऊन अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं ती गिटार उजव्यांचीच, उलटी धरलेली, तारा बदललेल्या. पण स्ट्रॅटच्या ब्रिजवर प्रत्येक तारेला वेगळं सॅडल असतं, स्क्रूने पुढे-मागे करता येतं, म्हणजे माझ्या गिटारचा आजार त्याच्या गिटारला होतच नाही, नट तेवढा बघायचा. उलट त्याला फायदा झाला. स्ट्रॅटचा ब्रिजजवळचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक, तिरका असतो, गिटार उलटली की तो तिरकेपणा पण उलटला, जाड तारा जरा करकरीत झाल्या आणि बारीक जरा गोल. आणि हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, उलटं, त्यामुळे खुंट्या खाली. आता यातली खरी गंमत ऐका, नंतर फेंडरने उजव्या लोकांसाठी उलट्या हेडस्टॉकच्या हेंड्रिक्स स्ट्रॅट काढल्या! म्हणजे त्याने नाइलाज म्हणून जे केलं ते उजवे लोक हौसेने पैसे मोजून घेतात. आम्हाला सरळ मिळेना, यांना उलटी हवी. (हशा, टाळ्या)

क्लासचं राहिलं. मी क्लास लावला, सर समोर खुर्चीवर बसायचे. बाकीची मुलं उजवी, त्यांना सरांची बोटं बघून डोक्यात सगळं फिरवून घ्यावं लागायचं. मला नाही! समोरासमोर एक उजवा आणि एक डावा बसला की दोघांच्या नेक एकाच बाजूला जातात, मी सरांना आरशात बघितल्यासारखं बघायचो, त्यांची करंगळी जिकडे तिकडे माझी. आजही यूट्यूबवर उजवा माणूस शिकवतो तेव्हा डावखुऱ्याची चैन असते, हे तुमच्या घरी डावखुरं पोरगं असेल तर त्याला सांगा. पुस्तकातल्या कॉर्डच्या आकृत्या मात्र उलट्या वाचाव्या लागतात, आणि टॅबला काही फरक पडत नाही, तिथे नुसता तारेचा आणि फ्रेटचा नंबर. तर मी खूश, पण सर नाखूश. त्यांना मी सारखा उलटा दिसायचो. आता मी उलटा नव्हतो, ते समोर बसले होते. (हशा) शिवाय बाकावर शेजारी बसलो की माझी आणि शेजारच्या मुलाची नेक एकमेकांना थडकायची.

एक दिवस सर म्हणाले, "हे बघ, फ्रेटवर बोटं टाकणं हे अवघड काम आहे, तुझा डावा हात हुशार आहे, मग ते काम त्यालाच दे की, सरळ गिटार धर, तुझा तर फायदाच आहे. आणि दुसरं म्हणजे उलटी शिकलास तर आयुष्यात कोणाची गिटार मागून वाजवता येणार नाही." दुसरं अगदी खरं निघालं. लोणावळ्याला ट्रिप, अलिबागला ट्रिप, कोणाच्या तरी घरी रात्री दोन वाजता कोणीतरी कपाटामागून गिटार काढतं, सगळे म्हणतात अरे हा वाजवतो, याला द्या, आणि मग मी ती धरून सगळ्यांना समजावून सांगत बसतो की मी वाजवतो पण ही नाही वाजवत. लोकांना वाटतं भाव खातोय. माझ्या लग्नात मेव्हण्याने हौसेने गिटार मागवली होती... बरं, ते जाऊ दे.

त्या मागून वाजवायच्या प्रश्नावर एक उपाय आहे. गिटार उलटी धरायची पण तारा बदलायच्याच नाहीत, बारीक तार वर, जाड खाली. अल्बर्ट किंग तसं वाजवायचा, ओटिस रश पण, डिक डेल पण. अल्बर्ट किंगचं ऐका, तार वाकवताना बाकी लोक वर ढकलतात, तो खाली जमिनीकडे ओढायचा. आणि एलिझाबेथ कॉटन, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या बाई, लहानपणी भावाचा बँजो उलटा धरून स्वतःच शिकल्या, पुढे गिटारही तशीच, खर्ज बोटांनी आणि चाल अंगठ्याने! सगळ्यांच्या बरोब्बर उलटं. त्या पद्धतीला पुढे त्यांचंच नाव पडलं. त्या सिगर कुटुंबाकडे घरकामाला होत्या, संगीतवाल्यांचंच घर ते, आणि तिथेच लोकांना कळलं की ह्या वाजवतात. नव्वदीच्या घरात ग्रॅमी मिळालं. त्यांच्यावर मी वेगळं व्याख्यान देऊ शकतो, संयोजकांनी नोंद घ्यावी.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला तर सुरुवातीला काय चुकतंय तेच कळत नव्हतं, मग त्याने स्लिम व्हिटमन नावाच्या गायकाचा फोटो बघितला, गिटार डावीकडून धरलेला, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. एक फोटो! व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बास, म्हणजे खर्जाची गिटार, त्याने हॅम्बुर्गला १९६१ मध्ये घेतला, आकार दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे डावीकडून धरला तरी वेडाविद्रा दिसत नाही. तो १९७२ मध्ये चोरीला गेला आणि पन्नासेक वर्षांनी परत मिळाला. चोराला तरी काय करायचं होतं डावखुऱ्या बासचं. (हशा)

चिठ्ठी आली. "७ मि." लिहिलंय. बरं. मी अजून मूळ विषयाला... ठीक आहे, पटापट सांगतो.

सरांचा पहिला मुद्दा, हुशार हात फ्रेटवर द्या. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, आता देतो. सर, तुम्ही उजवे, तुमचा उजवा हात हुशार, मग तो तुम्ही कुठे ठेवलाय? छेडायला! फ्रेटचं काम एवढं अवघड असतं तर जगातल्या सगळ्या उजव्यांनी गिटार माझ्यासारखी धरली असती. त्यांनी नाही धरली, कारण ठेका छेडणाऱ्या हातात असतो. फ्रेटवरची बोटं कुठला सूर ते ठरवतात, तो कधी आणि किती जोरात ते दुसरा हात ठरवतो, आणि नवशिक्याचा कॉर्ड थोडा घरघरला तरी गाणं पुढे जातं, ठेका सुटला की सगळे थांबतात. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळं मघाचं गाऱ्हाणं होतं.

यावर लोक म्हणतात पियानो कुठे डावखुरा असतो. नसतो, कारण तिथे दोन्ही हात एकाच जातीचं काम करतात. गिटारला, व्हायोलिनला दोन हातांची कामंच वेगळी. चार्ली चॅप्लिन व्हायोलिन डाव्या हाताने वाजवायचा, आतली रचनासुद्धा उलटी करून घेतलेली.

आता याचा अर्थ प्रत्येक डावखुऱ्याने डावखुरीच घ्यावी असं नाही. गिटारवाला मार्क नॉफ्लर डावखुरा, सरळ गिटार वाजवतो, आणि त्याच्यात काही कमी आहे असं कोणी म्हणू नये. आपला सचिन लिहितो डाव्या हाताने, बॅटिंग उजव्याने. हाताचं असं सरसकट नसतं. म्हणून पोराला विचारू नका तू डावखुरा का, त्याला काही न सांगता झाडू हातात द्या आणि गाणं लावा, तो ज्या हाताने छेडल्यासारखं करेल ती त्याची बाजू. दोन-तीनदा वेगवेगळ्या दिवशी बघा. दोन्हीकडून सारखंच करत असेल तर सरळ गिटार द्या, स्वस्त पडते, भरपूर मिळतात, मागून वाजवता येते. पण ठामपणे डावीकडून धरत असेल तर हात लावू नका त्याला, लेफ्टी म्हणून बनवलेलीच गिटार घ्या. दुकानात एक-दोनच मॉडेल असतील, बहुतेक काळ्या रंगाची, ऑर्डर करावी लागेल, वाजवून बघता येणार नाही, हे सगळं धरून चाला.

घरात पडलेलीच गिटार बदलायची असेल तर नायलॉन तारांची क्लासिकल बदला, तिचं सॅडल बहुतेक सरळ असतं, फक्त नट नवीन करून घ्या. स्टीलच्या तारांची ॲकूस्टिक असेल तर ब्रिजची खाच बुजवून दुसऱ्या बाजूने तिरकी कापावी लागते, ते रिपेअरवाल्याचं काम, आणि तो म्हणाला की नुसत्या तारा उलटवून देतो तर चहा पिऊन परत या.

टोनी आयोमी राहिला! बर्मिंगहॅमचा, डावखुरा, १७ व्या वर्षी कारखान्यात मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे नेमका फ्रेटचा हात. प्लास्टिक वितळवून त्याच्या टोप्या केल्या बोटांना, तारा हलक्या लावल्या, पुढे ट्यूनिंग खाली आणलं आणि तो त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडचा जड आवाज... हो हो, थांबतो.

प्रश्न आता घेता येणार नाहीत म्हणे, चहाच्या वेळी विचारा. ही माझी गिटार इथेच टेबलावर ठेवतोय. ज्या उजव्यांना वाटतं की बाजू बदलणं हे फक्त सवयीचं काम आहे त्यांनी रांग लावा, ही धरा आणि एक जी मेजर वाजवून दाखवा. अध्यक्ष, पहिला मान तुमचा.