किरकोळ रुमाल

मंडळी, मागंपर्यंत आवाज येतोय ना? पंख्याचा आवाज फार आहे म्हणून विचारलं. बरं.

पत्रिकेवर विषय छापलाय संशोधन ग्रंथालयं आणि सामाजिक इतिहास. मोठा विषय आहे, पण मला त्यातल्या एकाच शब्दावर बोलायचंय, आणि तो शब्द म्हणजे किरकोळ. जुन्या कागदांच्या कुठल्याही संग्रहात जा, तिथं रुमाल असतात, म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, तुम्हाला माहितीच आहे पण मागं कॉलेजची पोरं बसलीत म्हणून सांगतो. कॅटलॉगात प्रत्येक रुमालापुढं काहीतरी लिहिलेलं असतं, राजकीय पत्रं, सनदा, इनामं, वतनाचे तंटे, आणि सगळ्यात खाली लिहिलेलं असतं किरकोळ. माझं म्हणणं असं की तुमच्याआमच्या पणज्याचा, खापरपणजीचा इतिहास कुठं असेल तर तो त्या शेवटच्या ओळीत आहे.

आता आपण साताऱ्याची माणसं, आपल्याला इतिहास काही कमी नाही. 1848ला राज्य खालसा झालं हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडातली पत्रं वाईला सापडली, 1898ला तो खंड निघाला, पानिपतापर्यंतचं सगळं राजकारण त्यात आलं. जुने कागद जमवणाऱ्या द. ब. पारसनीसांनी इथं साताऱ्यात केवढा संग्रह उभा केला, आणि 1939 साली तो पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथं तो नीट जपला गेलाय, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यातला मेणवलीचा, म्हणजे इथून तासाभरावरच्या गावचा कागद बघायला साताऱ्याच्या पोराला पुण्याची एसटी धरावी लागते, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि ही सगळी मोठी नावं, त्यांनी जे छापलं त्यात लढाया, तह, कारस्थानं यांचाच भरणा जास्त, कारण त्यांना तेच आधी वाचवायचं होतं. तेव्हा ते बरोबरच होतं. आपण मात्र अजून तिथंच अडकून बसलोय.

माझी गोष्ट सांगतो. मी एमएला होतो, एका संग्रहात किरकोळचा रुमाल मागायला गेलो, नाव नाही सांगत. पहिल्या दिवशी कपाटाच्या किल्लीवाले गृहस्थ रजेवर. दुसऱ्या खेपेला म्हणाले कॉलेजचं पत्र आणा. तिसऱ्या खेपेला पत्र नेलं तर म्हणाले, अहो किरकोळात काय ठेवलंय, पेशव्यांची पत्रं बघा की. दर खेपेला जाऊनयेऊन चार तासांची एसटी आणि वर घरी आईचं ऐकायचं की नोकरीचं बघ. चौथ्या खेपेला रुमाल सुटला. शाई टिपायला कुणीतरी वाळू शिंपडलेली, तिचे कण घडीत अजून अडकलेले, पान तिरकं धरलं की चमकायचे. आणि आत काय, तर एका लग्नाचा हिशेब. तूप, गूळ, पत्रावळी, द्रोण, वाजंत्री, शालू, सगळं रुपये आण्यांत मांडलेलं. पार खाली पाणी वाहणाऱ्या बायका दोन, त्यांना जोंधळे दिले एक पायली. नाव नाही. पान उलटलं तर त्याच घरचं पुढचं लग्न, आता बायका चार, आणि जोंधळे तेवढेच, एकच पायली. मी तिथं बराच वेळ नुसता बसून राहिलो. पायलीचे शेर चार, म्हणजे आधी बाईला दोन शेर मिळत होते, आता एक. काम वाटलं गेलं की घरात चार दिवस पाहुणे जास्त राहिले, कागद काही सांगत नाही, पण त्या चौघींनी किती हंडे वाहिले असतील हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, माझा सगळा अभ्यास तिथून सुरू झाला.

असले कागद कुठं गेले माहितीय? बंबात. थंडीच्या दिवसांत पाणी तापवायला मोडी लिपीतले जुने कागद घातलेली घरं मी स्वतः बघितलीत. आमच्याच गल्लीतला एक वाडा पाडून अपार्टमेंट झालं, मी पोचलो तोवर गाठोडी सुटलेली होती, कागद रद्दीवाल्याच्या काट्यावर आणि लाल कापडं धुऊन दोरीवर वाळत घातलेली. कापड चांगलं होतं हो, असं घरचे म्हणाले. मी त्यांना काय बोलणार, मोडी येत नसेल तर कागद म्हणजे नुसतं गिचमिडच. दोष एकट्या त्या घराचा नाही, शाळेतनं मोडी गेली तेव्हाच...

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. कबूल केलेला मुद्दा राहिलाच की, हे कागद वाचायचे कसे, तर भराभर सांगतो.

एक, तारीख. शुहूर सन, म्हणजे या जुन्या कागदांवरचं वर्ष, अरबी आकड्यांच्या शब्दांत असतो. समान खमसैन मया व अलफ म्हणजे आठ, पन्नास, शंभर आणि हजार, झाले 1158. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर 599 मिळवा, 1757 येतं, पुढच्या महिन्यांना 600 मिळवा. कागदावर बोट ठेवून चार वेळा केलं की जमतं.

दोन, एकटा कागद वाचू नका. एकाच घरची दहा वर्षांची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लावा, जोंधळ्याचा भाव लिहून काढा, भाव चढला त्या साली गड्यांची संख्या बघा, गहाणखतं बघा. 1876-77चा दुष्काळ सरकारी रिपोर्टात आहे, पण कुठल्या घरानं आधी बैल विकले आणि कुठल्या घरानं भांडी, ते वह्यांत सापडतं.

तीन, आणि हे मला सगळ्यात जवळचं, कागदाच्या तळाला बघा. लिहिता न येणारा शेतकरी सही म्हणून नांगर काढायचा, नांगराची निशाणी. बाईची निशाणी बांगडीची, एक छोटं गोल. लेखनिक शेजारी नाव लिहितो, म्हणजे पाणीवालीचं नाव हिशेबात नसलं तरी जमीन विकणाऱ्या विधवेचं नाव खरेदीखतावर सापडतं, आणि ते गोल काढताना बोरू कुठं अडला तेही दिसतं.

खाली टेबलावर तसा एक कागद काचेखाली ठेवलाय, माझ्या आजोळचा आहे. चहा नंतर घ्या, आधी तो बघा, गोल डाव्या कोपऱ्यात आहे, पुरं जुळलेलं नाही.