उजेड जमिनीवर मोजायचा

(दृश्य: कुंडई औद्योगिक वसाहत. संध्याकाळ. एका गोदामाचे अर्धवट उघडे शटर, आत रॅकच्या रांगा.)

जून लागला की गोव्यात विजेचा लपंडाव सुरू होतो. वादळी वाऱ्यात एखादा माड तारांवर कोसळतो आणि अख्खा भाग काळोखात जातो. घरात आपण टॉर्च शोधतो, थोडा वेळ पडवीत बसतो. या गोदामात तशी सवड नाही. छत दहा मीटरवर आहे, रॅकच्या दोन रांगांमधून फोर्कलिफ्ट धावते आहे आणि तिच्या वाटेत माणसे आहेत.

बाहेर जनरेटर आहे, चांगला मोठा आहे. पण तो सुरू होऊन लोड घेईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. जुन्या शेडमध्ये अजून मेटल हॅलाइडचे दिवे असतील तर त्याहून वाईट. ते दिवे एकदा विझले की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत. जनरेटर सुरू होऊनही पुढची पाच-दहा मिनिटे वर नुसते काळे गोळे लटकत राहतात.

आणि आग लागली तर? ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यात एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसे गेली. त्यांत बहुतेक तिथे राबणारे कामगार होते. धुरात माणसाला वाट दिसत नाही, हे आपल्या गोव्याला त्या रात्रीनंतर कुणी वेगळे सांगायला नको. कारखाना असो, मॉल असो की हॉटेलचे तळघर, दिवे गेल्यावर बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे. त्यासाठी कुठला इमर्जन्सी दिवा, म्हणजे वीज जाताच बॅटरीवर आपोआप पेटणारा दिवा, घ्यायचा, हा प्रश्न खरेदी खात्यावर सोडून देण्याइतका लहान नाही.

(दृश्य: इलेक्ट्रिशियन रॅकच्या मधल्या वाटेवर उकिडवा बसला आहे. हातातला लक्स मीटर, म्हणजे पडणारा उजेड मोजायचे यंत्र, जमिनीवर ठेवतो.)

मुख्य दिव्यांचा एमसीबी, म्हणजे त्यांची वीज तोडणारा बोर्डावरचा छोटा स्विच, पाडला आहे. दरवाज्यावरचा इमर्जन्सी दिवा पेटला, वर छताला बसवलेलेही पेटले. लांबून पाहिले तर सगळे ठीक वाटते. मदतनीस मीटरवर वाकतो.

"दादा, दोनसुद्धा येत नाही."

"मधोमध ठेव. सावलीत नको."

"मधोमधच ठेवलाय."

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे सुटकेच्या वाटेवर, मधल्या रेषेवर, जमिनीलगत किमान १० लक्स उजेड हवा. इथे दोनही नाही. दिवा बिघडलेला नाही. तो ऑफिसच्या तीन मीटर उंच छतासाठी केलेला आहे, इतकेच. उंची वाढली की उजेड तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. जो दिवा तीन मीटरवरून बरोबर खाली ११ लक्स देतो, तोच दहा मीटरवर टांगला की जमिनीवर जेमतेम १ लक्स पोचतो. म्हणून खोक्यावरचे वॅट वाचून दिवा निवडू नये. दिवा कुठल्या उंचीवर बसणार, उजेड कुठे पडणार आणि तिथे किती लक्स येणार, याचा हिशेब विक्रेत्याकडून लेखी मागावा.

त्यातही एक गोम आहे. शंभर-दीडशे वॅटचा हाय-बे, म्हणजे उंच छतासाठीचा, दिवा घ्यायचा आणि त्याला बॅटरीचा इमर्जन्सी किट जोडायचा, ही पद्धत आता सर्रास दिसते. पद्धत वाईट नाही. पण बॅटरीवर तो दिवा दीडशे वॅटने पेटत नाही. किट पंधरा-वीस वॅटचा असेल तर उजेडही तेवढाच. कॅटलॉगवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले लुमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, वीज असतानाचे असतात. आपल्याला हवे असतात बॅटरीवरचे, आणि तेही दीड तास पुरणारे. दीड तास, कारण संहितेत छोट्या जागेलासुद्धा ९० मिनिटांखाली सूट नाही.

(दृश्य: सिझर लिफ्टवरून खाली आणलेला जुना दिवा. स्क्रू काढले जातात. आत फुगलेली बॅटरी.)

ही बॅटरी पाहा. बाजू फुगून डबा वाकला आहे, टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढला आहे. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेची धग आणि त्यानंतर चार महिने दमट हवा. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण दर दहा अंश तापमानवाढीला निम्म्यावर येते. पुण्या-नाशकात जे चालते ते वास्कोच्या खाऱ्या वाऱ्यात चालेलच असे नाही. माझे स्पष्ट मत आहे की छताला टांगायच्या दिव्यात लेड-ॲसिड घेऊच नये. उष्णता सोसणारी निकेल-कॅडमियम किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी, फिटिंग किमान आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचे झोत आत न घेणारे, असावे आणि स्क्रू गंजणारे नसावेत. रंगकामाची खोली किंवा वेर्ण्याच्या औषध कारखान्यातला सॉल्व्हंटचा साठा असेल तर आतल्या ठिणगीने बाहेरच्या वाफा पेटू न देणाऱ्या प्रमाणित फ्लेमप्रूफ दिव्याशिवाय दुसरा पर्यायच नाही.

पण सगळे दिवे छतालाच का? आगीत धूर आधी वर साचतो. छतावरचा प्रखर दिवा पहिल्या काही मिनिटांतच त्या धुरात बुडू शकतो. संहिता सांगते, दिवे शक्य तितके खाली बसवा, मात्र दोन मीटरच्या खाली नको. म्हणून या शेडमध्ये आता खांबांवर, अडीच-तीन मीटरवर, दोन डोक्यांचे ट्विन बीम लावले आहेत. एक डोके या वाटेकडे, दुसरे त्या वाटेकडे. बॅटरी शिडीवरून हाताला येते, म्हणजे ती तपासली जाते. लावताना एवढेच पाहायचे, की झोत पळणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये, वाटेवर पडावा. जिना, वळण, फायर पॉइंट (आग विझवायची साधने ठेवलेली जागा) आणि शेवटच्या दाराबाहेरची पायरी, या जागा सुटता कामा नयेत. रॅक हलवले तर दिव्यांची दिशाही बदलावी लागते. हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मोठ्या हॉटेलांना, इस्पितळांना सगळ्या दिव्यांसाठी एकच केंद्रीय बॅटरी सोयीची. बॅटऱ्या एका गार खोलीत राहतात, देखभाल एका जागी होते. मात्र तिथून निघणाऱ्या केबल आगीतही टिकणाऱ्या हव्यात.

(दृश्य: डिस्ट्रिब्युशन बोर्ड. बोट एका वायरवर थांबते.)

चांगला दिवाही चुकीच्या वायरिंगने वाया जातो. प्रत्येक इमर्जन्सी दिव्याला त्याच भागाच्या लाइटिंग सर्किटवरून, पण स्विचच्या आधीची, कायम चालू असलेली वायर द्यावी लागते. ती मुख्य पुरवठ्यावरून घेतली आणि फक्त एका भागाचा एमसीबी पडला, तर त्या भागात काळोख होतो आणि इमर्जन्सी दिव्याला त्याचा पत्ताच नसतो. जनरेटरही सुरू होत नाही, कारण बाहेरची वीज गेलेलीच नाही. आणि वायर स्विचच्या पुढून घेतली, तर वॉचमन रात्री दिवे बंद करतो तेव्हा रोज बॅटरी उतरते. सकाळी कामगार आत येतात तेव्हा ती रिकामी असते.

(दृश्य: मदतनीस टेस्टचे बटण दाबतो, वहीत नोंद करतो.)

महिन्यातून एकदा प्रत्येक दिव्याचे बटण दाबायचे. वर्षातून एकदा पूर्ण ९० मिनिटे बॅटरीवर चालवायचे आणि शेवटच्या पाच मिनिटांत लक्स मीटर जमिनीवर ठेवायचा. सुरुवातीला मिळालेला आकडा कामाचा नाही. पूर्ण चाचणीनंतर बॅटरी भरायला अनेक फिटिंग्जना २४ तासांपर्यंत लागतात, म्हणून सगळे दिवे एकाच रात्री उतरवायचे नाहीत. इथे आज सम क्रमांकाचे दिवे झाले. विषम क्रमांकाचे पुढच्या रविवारी, शिफ्ट नसताना.