विनॅम्पवाल्याचं दुसरं सॉफ्टवेअर

(पडद्यावर: जुना संगणक, विनॅम्पची काळपट खिडकी, पळणारे हिरवे आकडे.)

सायबर कॅफेच्या काळात ज्यांनी एमपीथ्रीच्या सीड्या जमवल्या, त्यांना ही खिडकी ओळखायला वेळ लागणार नाही. विनॅम्प, संगणकावर गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर. १९९७ साली ते बाजारात आलं तेव्हा ते लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकलला विशीही लागली नव्हती. १९९९ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने त्याची कंपनी विकत घेतली. पुढच्याच वर्षी या पठ्ठ्याने ग्नुटेला नावाचं, फाइली आपापसात वाटायचं सॉफ्टवेअर मालकांना न विचारता नेटवर सोडून दिलं. एओएलने ते लगेच काढून टाकलं, पण तोवर ते जायचं तिथे पोचलं होतं. २००४ मध्ये फ्रँकल तिथून बाहेर पडला आणि नव्या कामाला लागला: रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. २००६ साली रीपरची पहिली आवृत्ती आली.

घरी गाणं रेकॉर्ड करायला निघालेला माणूस आधी सॉफ्टवेअरच्या किमती बघतो आणि दबकतो. महागातल्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज जास्त चांगला येत असणार, असं त्याला वाटतं. तसं काही नसतं. माइकमधून आलेल्या आवाजाचे आकडे करतो तो ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि संगणक यांच्यामधला डबा. सॉफ्टवेअर ते आकडे फक्त डिस्कवर लिहून ठेवतं. त्यावर काही प्रक्रिया केली नाही, तर फुकटातल्या आणि लाखातल्या सॉफ्टवेअरने लिहिलेली फाइल सारखीच. जास्तीचे पैसे जातात ते तयार वाद्यांना, इफेक्टना आणि कामाच्या सोयींना.

रीपरचं व्यक्तिगत लायसन्स ६० डॉलरला मिळतं, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. धंद्यासाठी वापरत असाल आणि वर्षाची उलाढाल वीस हजार डॉलरच्या आत असेल, तरी हेच चालतं. त्यापुढे २२५ डॉलर. आधी साठ दिवस वापरून बघायचं, एकही सोय बंद न ठेवता. साठ दिवसांनंतरही ते बंद पडत नाही. उघडताना काही सेकंद आठवण करून देतं, बस्स. वर्षानुवर्षं ती आठवण बघत बसलेले महाभाग आहेत, आणि ते फ्रँकललाही ठाऊक असणारच.

आता उणी बाजू. रीपरसोबत वाद्यं जवळजवळ येत नाहीत. तबला नाही, सतार नाही, पियानोसुद्धा नाही. दिसायला ते सरकारी फॉर्मसारखं आहे. मेन्यूतून मेन्यू निघतात. पुस्तिका चारशेहून जास्त पानांची, फुकट आणि इंग्रजीत.

मग दुसरं काही? मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, तेच उघडा. फक्त निवेदन किंवा कथाकथन करायचं असेल तर ऑडॅसिटी पुरते. तीही फुकट. पण मिडी कीबोर्ड (आवाज नव्हे, कुठली पट्टी दाबली एवढंच संगणकाला कळवणारा) जोडून वाजवायचं म्हटलं की ती हात वर करते. इंटरफेससोबत मोठ्या सॉफ्टवेअरची छोटी आवृत्तीही मिळते. तिच्यात ट्रॅक मोजून दिलेले असतात, एवढं बघून घ्या.

(पडद्यावर: फ्लॅटमधली खोली. दारावर गोधडी, हार्मोनियम, एक माइक, लॅपटॉप.)

इथे अभंग रेकॉर्ड होतोय. सूर काळी एक, ठेका भजनी. रीपर उघडल्यावर ते आपणहून मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारचे खाने मांडून बसतं. अभंग त्या खान्यांत बसत नाही. तो संथ सुरू होतो, कडव्यागणिक लय चढते, शेवटी टाळ धरणाऱ्याचे हात दिसेनासे होतात. अशा वेळी ऑल्ट आणि एस दाबून तुकड्यांचं खान्याला चिकटणं बंद करायचं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ‘टाइमबेस’ नावाची जागा आहे, तिथे ‘टाइम’ निवडायचं. नाहीतर पुढे कधी टेम्पो बदलला की आधी गायलेलं सगळं जागचं सरकतं. आपल्या संगीताला या दोन सेटिंगची जेवढी गरज आहे, तेवढी हजार तयार आवाजांची नाही, असं मला वाटतं.

दुसरी अडचण कानात. हेडफोन लावून गायला लागलं की आपलाच आवाज उशिरा येतो. कारण बफर. संगणक आवाज घोटाघोटाने घेतो. सेकंदाला ४८,००० नमुने (म्हणजे आवाजाची मोजमापं) आणि घोट १,०२४ नमुन्यांचा, तर एका घोटाला २१ मिलिसेकंद. आत येताना एक, बाहेर जाताना एक, झाले चाळीसच्या वर. तेवढ्या वेळात हवेतून आवाज चौदा मीटर जातो. इतक्या लांबून स्वतःला ऐकत समेवर यायचं म्हणजे अवघडच. गाताना बफर १२८ किंवा २५६ वर आणायचा. मिक्सिंगला बसलं की पुन्हा वाढवायचा, म्हणजे संगणकाला धाप लागत नाही. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी ठेवणारा जोड-प्रोग्राम, मात्र टाकायलाच हवा.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दलही बोलायला हवं. एकेकाळी लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर सीडीत मिळायचं ते आता टेलिग्रामवर मिळतं. त्यासोबत व्हायरस येतो, अपडेट येत नाही. पाच हजारांत सरळ लायसन्स मिळत असताना हा उद्योग कशाला? रीपरच्या सातव्या आवृत्तीला घेतलेलं लायसन्स ८.९९ पर्यंत चालतं. मधले सगळे अपडेट त्यातच.

(पडद्यावर: लॅपटॉपवर एकाखाली एक तीन ट्रॅक.)

या अभंगाचा तबलजी सांगलीत आहे आणि सिंथवर स्वर भरणारा भाऊ न्यू जर्सीत, गॅरेजबँडवर. सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. प्रत्येकाने आपला ट्रॅक २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये काढायचा, शून्य सेकंदापासून, सुरुवातीची शांतता न कापता. सगळ्या फाइली डाव्या कडेला लावल्या की ठेका जागेवर येतो. तबलजीने पहिले चार सेकंद रिकामे म्हणून कापून पाठवले, तर मात्र त्याला फोन लावावा लागतो.