आधी पाण्याच्या वर बघा
(ठाण्यात निसर्गप्रेमींसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पाऊस लागला की येऊरच्या वाटेवर मोबाइल घेतलेली मंडळी डबक्याशी ओणवी झालेली दिसतात. पाण्यात काळं काही वळवळलं की फोटो निघतो आणि ग्रुपवर प्रश्न येतो, ‘हा झाडबेडूक का?’ बहुतेक वेळा नसतो. छोटी, काळीभोर, थव्याने फिरणारी पोरं साध्या भेकाची, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाची. झाडबेडकाचं पिल्लू हवं असेल तर आधी मान वर करा.

आपल्याकडे नेहमी भेटणारा झाडबेडूक म्हणजे पॉलिपिडेटिस मॅक्युलेटस, इंग्रजीत चुनाम ट्री फ्रॉग. बंगल्यांच्या न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसतो, तोच. पावसाच्या सुरुवातीला मादी पाण्याच्या वर, पानाला, दगडाला किंवा टाकीच्या कडेला एक स्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून त्याचा फेस करते. अंडी त्या फेसात. वरचा थर वाळून घट्ट होतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी फेस पाघळतो आणि टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, टपाटप खालच्या पाण्यात पडतात. म्हणून डबक्यावरच्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पिवळट गोळा दिसला, तर खालच्या पाण्यात कोण आहे हे निम्मं कळलंच. निम्मंच, कारण त्याच पाण्यात इतरांचीही पोरं असतात.

मग टॅडपोल ओळखायचा कसा? रंग सोडून द्या. गढूळ पाण्यातला फिका दिसतो, स्वच्छ पाण्यातला गडद. पारदर्शक डबीत थोडं पाणी घेऊन त्यात टॅडपोल घ्या आणि डबी डोळ्यांच्या वर धरून पोटाकडून बघा. झाडबेडकाच्या टॅडपोलचे डोळे डोक्याच्या अगदी कडेला असतात, त्यामुळे ते खालूनही दिसतात. भेकाचे डोळे डोक्याच्या माथ्याकडे सरकलेले; खालून बघितलं तर दिसत नाहीत. खालूनही डोळे दिसणारा दुसरा गडी म्हणजे मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकाचा टॅडपोल. पण तो इतका पारदर्शक की आतलं आतडं मोजून घ्यावं, आणि त्याच्या तोंडाला इतरांसारखी काळी चोच, म्हणजे तोंडाची कठीण कड, नसते. चोच बघायला भिंग लागतं. दहा रुपयांचं खेळण्यातलं नको, चांगलं घ्या.

वाढीच्या टप्प्यांसाठी अभ्यासक गॉसनरची 1960 सालची सारणी वापरतात, त्यात 46 टप्पे आहेत. तुम्हाला सगळे पाठ असायची गरज नाही. मागचे पाय दिसामासी वाढतात. पुढचे पाय कातडीच्या आत तयार होऊन एकदम बाहेर येतात. त्यानंतर चोच गळते, तोंड बेडकाचं होतं, शेपटी आत जिरते. या काळात पिल्लू खात नाही. त्याला हाताळायची सगळ्यात वाईट वेळ हीच, आणि लोकांना हात लावावासा वाटतो तो नेमका याच वेळी!

शेपटीवाल्या पिल्लाची बोटं बघा. टोकाला पसरट गोल चकत्या हव्यात. मोठ्या झाडबेडकाच्या मांडीच्या मागे तपकिरी जाळीत पिवळे ठिपके असतात, पण पिल्लात त्यावर भिस्त ठेवू नका. आणि नुसत्या चकत्यांवरही नको. माथेरानच्या ओल्या कातळांवर राहणाऱ्या इंडिराना बेडकांनाही त्या असतात. त्यांचे टॅडपोल डबक्यात नसतात, पाणी झिरपणाऱ्या खडकावर चिकटून सरकत जातात. जागा बघितली की घोटाळा सुटतो.

सह्याद्रीत वर गेलात तर आणखी एक गंमत. झुडुपी बेडकांना, म्हणजे रावोर्चेस्टिसना, पाण्यातला टॅडपोलच नसतो. अंड्यातून थेट चिमुकला बेडूक निघतो. तिथे डबकी धुंडाळत बसलात तर हाती काहीच लागणार नाही.

आता शिस्तीचं. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. परवानगीशिवाय तिथून जिवंत काहीही बाहेर आणायचं नाही, एक टॅडपोलसुद्धा. डास पळवणारं मलम लावलेल्या हाताने पाण्याला शिवू नका, बेडकाची कातडी ते शोषून घेते. एका पाणवठ्यावरून दुसरीकडे जाताना बूट आणि जाळी धुऊन खडखडीत वाळवा. कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून प्रवास करते, आणि जगभर बेडकांच्या अनेक जाती तिनेच संपवल्या आहेत.

राहिला सोसायटीतल्या ड्रमचा प्रश्न. डेंग्यूमुळे तो रिकामा करायलाच हवा, त्यात मी बेडकांची बाजू घेणार नाही. फक्त ओतण्याआधी कडेला फेस आहे का बघा आणि टॅडपोल असतील तर गाळणीने काढून त्याच आवारातल्या पावसाच्या डबक्यात सोडा. दीड-दोन महिने पाणी टिकेल असं डबकं निवडा, तेवढा वेळ त्यांना लागतो.