सरासरी सहा, उसळी अडतीस : घरच्या स्ट्रीमिंगसाठी बिटरेटला लगाम

घरच्या सर्व्हरवरचा व्हिडिओ एरवी सुरळीत चालतो आणि नेमका एका प्रसंगाला अडकतो. फाइलची माहिती पाहावी तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारे बिट, ६ मेगाबिट. टीव्हीपाशी वायफाय २० मेगाबिट सहज देतंय. मग अडतं कुठे? ते ६ म्हणजे अख्ख्या फाइलची सरासरी. अडकणं ठरतं ते सर्वांत जड चार-पाच सेकंदांवर.

लग्नाचा व्हिडिओ घ्या. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चाललीत, कॅमेरा स्थिर. पुढची फ्रेम जवळपास मागच्यासारखीच, त्यामुळे २ मेगाबिटमध्येही भागतं. मग अक्षता उडतात. शेकडो बारीक दाणे, प्रत्येकाची वाट वेगळी; मागच्या फ्रेमवरून पुढचीचा अंदाजच बांधता येत नाही. सीआरएफ पद्धतीत आपण एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगितलेलं असतं : दर्जा राख, बिट लागतील तेवढे लागोत. तो तेच करतो. मिरवणुकीतला गुलाल, धबधबा, जुन्या फिल्मचं ग्रेन (चित्रभर हलणारे बारीक कण), सगळं याच जातीचं.

समजा ती उसळी ३८ मेगाबिटची, ५ सेकंदांची आहे. दर सेकंदाला १८ ची तूट, एकूण ९० मेगाबिट, म्हणजे सव्वाअकरा मेगाबाइट. प्लेअरचा बफर, म्हणजे आधीच आणून ठेवलेला साठा, १० मेगाबाइटचा असेल, तर साडेचार सेकंदांच्या आतच तो रिकामा होतो आणि चित्र थांबतं.

म्हणून सीआरएफ सोडायची गरज नाही, त्यावर मर्यादा घालायची. एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स२६४ हा एन्कोडर वापरताना सीआरएफ २० च्या जोडीला मॅक्सरेट (बिटरेटची कमाल मर्यादा) १२एम आणि बफसाईज (त्या मर्यादेवर थोड्या वेळापुरती किती बिटांची सूट) २४एम द्या. दोन्ही द्यायचेच. बफसाईज नसेल तर एक्स२६४ एक इशारा छापतो आणि मॅक्सरेट सोडून देतो. तो इशारा बाकीच्या ओळींत सहज नजरेआड होतो. 'एम' विसरू नका, कारण एफएफएमपेग नुसता आकडा बिटमध्ये धरतो : १२००० लिहिलंत तर मर्यादा १२ किलोबिटची. हँडब्रेक या दुसऱ्या एन्कोडिंग सॉफ्टवेअरच्या प्रगत पर्यायांत मात्र हेच दोन व्हीबीव्ही-मॅक्सरेट आणि व्हीबीव्ही-बफसाईज या नावांनी, किलोबिटमध्येच लिहायचे, १२००० आणि २४०००.

खरी मेख बफसाईजमध्ये आहे. कुठल्याही सलग तुकड्यात जास्तीत जास्त बिट किती? मॅक्सरेट गुणिले सेकंद, अधिक बफसाईज. वरच्या आकड्यांनी ५ सेकंदांत ६० अधिक २४, म्हणजे ८४ मेगाबिट, सेकंदाला १६.८. वीसच्या आत बसलं. आता मॅक्सरेट तोच ठेवून बफसाईज १२० करा : ५ सेकंदांत १८० मेगाबिट, सेकंदाला ३६. मर्यादा घालूनही उसळी परत आली. उलट बफसाईज फार लहान केला, तर कीफ्रेमला (मागच्या फ्रेमचा आधार न घेणाऱ्या पूर्ण फ्रेमला) पुरेसे बिट मिळत नाहीत आणि दर कीफ्रेमला चित्र 'धडधडल्या'सारखं दिसतं. मॅक्सरेटच्या दीडपट ते दुप्पट हे सुरुवातीला ठीक.

मर्यादा अधूनमधून लागली तरच तिचा उपयोग. तोच सीआरएफ ठेवून एकदा मर्यादेशिवाय आणि एकदा मर्यादेसह एन्कोड करा. फाइल बरीच घटली, तर मर्यादा सतत लागतेय आणि सीआरएफला अर्थच उरलेला नाही. अशा वेळी सीआरएफ २२ करा; आकडा वाढला की दर्जा थोडा उतरतो आणि बिट कमी लागतात. ग्रेन फार असेल तर आधी ते पुसट करणारा एचक्यूडीएन३डी फिल्टर हलका लावा. तिथे एक्स२६४ चा 'ट्यून ग्रेन' पर्याय वापरू नये, तो ग्रेन जपायला जास्तच बिट मागतो.

तपासायला एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने पॅकेटचे (फाइलमधल्या डेटाच्या तुकड्यांचे) बाइटमधले आकार आणि वेळा काढा, सेकंदवार बेरीज करून ८ ने गुणा आणि ५-५ सेकंदांच्या बेरजा बघा. वायफायचा वेग राउटरजवळ नव्हे, टीव्हीशेजारी, संध्याकाळी सगळे घरी असताना मोजा आणि त्याच्या ६० टक्के मॅक्सरेट धरा. ही मर्यादा फक्त चित्राची आहे. आवाज तिच्या बाहेर : एसी३ चा ट्रॅक फार तर ६४० किलोबिट घेतो, पण ब्लू-रेवरचा ट्रूएचडी हा दर्जा न घटवलेला ट्रॅक तसाच ठेवलात तर काही मेगाबिट वर जातात, तेही वीसातून वजा करा.