हळदीचा रंग आणि ठिबकाएवढी धार

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना व्यापारी हळकुंड मोडतो आणि आधी आतला रंग बघतो. मी रसायनशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेत हाच रंग आमची वाट अडवतो.

रंग देणारं कर्क्युमिन ३ टक्के धरलं, तरी किलोला ३० ग्रॅम झालं. त्यात कीटकनाशकाचा अंश शोधायचा तो कधी कधी ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे रंगाच्या तीस लाखाव्या भागाइतका! गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वायूच्या प्रवाहात वेगळे करायची पद्धत, तो पकडू शकते, पण तिला सगळं वाफेच्या रूपात लागतं. कर्क्युमिनची वाफ होत नाही. ते करपून कॉलमच्या, म्हणजे घटक जिथे वेगळे होतात त्या नळीच्या, तोंडाशीच चिकटतं. म्हणून आधी द्रव क्रोमॅटोग्राफी करायची, तिथे वायूऐवजी द्रव वाहतो. सिलिका भरलेल्या कॉलममधून हेक्झेनसारखं द्रावक सोडलं, की रंग मागे अडकतो आणि कमी ध्रुवीय, म्हणजे सिलिकाला कमी चिकटणारी, कीटकनाशकं पुढे निघतात.

तो भाग बाटलीत धरून आटवत बसण्यापेक्षा थेट गॅसच्या यंत्रात सोडला तर? अडचण इथंच आहे. द्रवाचा नेहमीचा कॉलम ४.६ मिलिमीटर व्यासाचा, त्यातून मिनिटाला साधारण १ मिलिलिटर द्रावक येतं. गॅसच्या यंत्राला एरवी १ मायक्रोलिटर पुरतं, म्हणजे त्याचा हजारावा भाग. शिवाय हेक्झेनची वाफ झाली की ती दोनशेपटीहून जास्त जागा मागते.

झुरिकचे रसायनशास्त्रज्ञ कोनी ग्रोब यांनी १९८० च्या दशकात यावर मोठं काम केलं. गॅसच्या कॉलमला आतून लेप असतो, त्याच्या आधी बिनलेपाची नळी जोडायची. द्रावक तिच्यात पसरून उडून जातं, नमुना मागे राहतो. मला मात्र दुसरी वाट जास्त भावते, कारण ती आपल्या मळ्यातली आहे. पाट बंद करायचा, ठिबक लावायचं. द्रवाचा कॉलम ०.३ मिलिमीटरचा घेतला, तर द्रावकाचा वेग तोच ठेवूनही धार मिनिटाला जेमतेम ४ मायक्रोलिटर उरते. १५ सेकंदांचा तुकडा कापला, की झाला १ मायक्रोलिटर.

अर्थात, एवढ्या बारीक कॉलमला नमुनाही थेंबभरच चालतो. दोन यंत्रांच्या जोडात जराशी मोकळी जागा राहिली, तर वेगळे झालेले घटक पुन्हा मिसळतात. आणि हळदीचं तेल रंगासारखं अडून राहत नाही, तेही वाफ होऊन येतं. म्हणून आधी शुद्ध कीटकनाशक सोडून, घड्याळ लावून, ते १५ सेकंद नेमके कोणते हे ठरवावं लागतं.