तुमच्या पीसीत दुसऱ्याचे पासवर्ड

(कोल्हापुरात सेवा केंद्र आणि नेट कॅफे चालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, 'काम झाल्यावर लॉगआउट करा' अशी पाटी लावून भागत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख, साइट रडतखडत चाललेली, मागं रांग. राधानगरीच्या पोरीला परतीची एसटी गाठायची असते. पावती घेते आणि पळते. लॉगआउट कुठलं! तेव्हा काळजी पीसीच्या मालकानंच घ्यायची.

आज दुकानात गेल्यावर क्रोमच्या सेटिंगमध्ये सेव्ह झालेल्या पासवर्डची यादी उघडून बघा. घाईत माणूस 'सेव्ह'वर क्लिक करतो आणि पासवर्ड तुमच्याकडे ठेवून जातो. तो बघायला विंडोजचा पासवर्ड लागतो खरा, पण कितीतरी दुकानांत विंडोजला पासवर्डच नसतो. मग डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की सगळं उघडं.

रोज रात्री हिस्टरी पुसत बसणं हा उपाय नव्हे. एक दिवस विसरणारच. क्रोमला पॉलिसी, म्हणजे गिऱ्हाइकाला बदलता न येणारा नियम, लावता येते. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'ब्राउझर गेस्ट मोड एन्फोर्स्ड' ही नोंद १ केली, की गिऱ्हाइकाला गेस्ट मोडशिवाय, म्हणजे मागचं काही न ठेवणाऱ्या पाहुण्याच्या खिडकीशिवाय, दुसरं काही मिळतच नाही. सगळ्या खिडक्या बंद केल्या की कुकीज (साइटनं ब्राउझरात ठेवलेल्या खुणा), लॉगिन साफ. काउंटरच्या पीसीवर 'पासवर्ड मॅनेजर एनेबल्ड' ० करा, म्हणजे 'सेव्ह करू का?' हा प्रश्नच येणार नाही. फायरफॉक्सला हेच काम पॉलिसीच्या फाइलनं होतं. आणि गिऱ्हाइकाचं विंडोज खातं 'स्टँडर्ड' ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड स्वतःकडे. नाहीतर गेम खेळायला आलेलं एखादं पोरगं तुमची मेहनत पाच मिनिटांत उलटी करील.

खरी गंमत डाउनलोड फोल्डरमध्ये आहे. गेस्ट असो वा इन्कॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी खासगी खिडकी), उतरवलेली फाइल तशीच राहते. तिथं ई-आधारच्या पीडीएफ पडलेल्या असतात. त्यांचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. शेजारीच त्याच माणसाचा शाळा सोडल्याचा दाखला स्कॅन करून ठेवलेला. नाव, जन्मतारीख त्यावर छापलेलीच. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला! हे फोल्डर, डेस्कटॉप आणि रिसायकल बिन प्रत्येक गिऱ्हाइकामागं रिकामं झालं पाहिजे. रिस्टार्ट केल्यावर पीसी पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर उत्तमच.

आता कॅफेवाले विचारतील, हिस्टरी पुसली तर कायद्याचं काय? सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांत गिऱ्हाइकांचं रजिस्टर आणि पाहिलेल्या साइट्सची नोंद किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय. (आपल्या लोकांच्या लक्षात मात्र पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको एवढंच राहिलंय.) माझ्या मते ती नोंद प्रॉक्सीच्या, म्हणजे सगळ्या पीसींचं इंटरनेट ज्यातून जातं त्या मधल्या सर्व्हरच्या, लॉगमध्ये ठेवावी. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद असल्यानं, तिथं साइटचं नाव येतं, आत टाईप केलेला पासवर्ड येत नाही. ब्राउझरमधली हिस्टरी पुढच्या गिऱ्हाइकाला दिसते, प्रॉक्सीचा लॉग फक्त तुम्हाला.

एक गोष्ट मात्र कुठलीच सेटिंग पकडणार नाही. कीबोर्डची वायर आणि सीपीयू यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढं यूएसबीचं बोंडूक बसवलं, की दाबलेली प्रत्येक कळ त्यात साठते. सकाळी झाडलोट करताना सीपीयूच्या मागं एकदा वाकून बघा.